ओळीच्या आधीच्या पाच जागा

अम्मा, तुला एक सांगायचं आहे. इथे कोणाला सांगितलं तर ते आधी माझ्या तोंडाकडे बघतील आणि मग माझ्या हातांकडे, आणि माझ्या हातांकडे कोणी बघितलेलं मला हल्ली सोसत नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी तुझा आवाज आठवावा लागतो. तो आठवला की मग बाकीचं सगळं येतं, यशवंतपूरच्या बाजाराजवळचा जिना, खालच्या गोदामातला कांद्याचा वास, आणि वर खिडकीशी ओळीने मांडलेली तुझ्या टायपिंग क्लासची मशीनं. अर्धी इंग्रजी, अर्धी कन्नड.

शाळेची सुट्टी आहे आणि मी कोपऱ्यातल्या इंग्रजी मशीनवर बसले आहे. तू मला एक पानभर पत्र टाइप करायला दिलं आहेस. एकही चूक न करता मी ते पूर्ण करते आणि मोठ्या ऐटीत तुझ्या टेबलावर नेऊन ठेवते. तू चष्मा लावतेस, कागदावर एकदाच नजर टाकतेस आणि तो तसाच माझ्याकडे सरकवतेस.

“हे मी तपासणार नाही.”

“का? एक चूक नाही त्यात.”

“सुरुवात कुठे आहे ते दिसत नाही. परिच्छेदाच्या आधी जागा कुठे सोडल्यास?”

“पण मजकूर बरोबर आहे ना, अम्मा?”

“मजकूर बरोबर असून काय उपयोग, पुट्टी. माणूस दारातून आत येतो, भिंतीतून नाही. जा, परत कर.”

क्लासमधल्या मुली माना खाली घालून हसतात. तू माझ्या मागे येऊन उभी राहतेस, वाकतेस आणि माझ्या हातावरून तुझा हात पुढे घेऊन, कन्नडात पाचपर्यंत मोजत, जागा सोडून दाखवतेस. ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. तुझा उजवा अंगठा लहानपणी दारात चेपून ताठ झालेला, म्हणून सगळं जग उजव्या अंगठ्याने जागा सोडतं आणि तू डाव्याने. आम्हाला मात्र तू उजव्यानेच शिकवलंस. माझी सवय लागायला नको कोणाला, म्हणायचीस.

तुझ्यामुळेच मी या धंद्यात आले, हे तुला माहीत होतं. पण मी नेमकं काय करते हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. मोठ्या इमारतींमधल्या लिफ्ट सांभाळणारी यंत्रं असतात, ती कशी चालवायची, बंद पडली तर पुन्हा कशी सुरू करायची, याच्या पुस्तिका मी लिहिते. इंग्रजीत. महादेवपुऱ्याला ऑफिस आहे. पुस्तिका म्हणजे कागद नाही, पडद्यावरची पानं. ती साध्या मजकुरात लिहायची आणि मजकुरातच खुणा करायच्या. ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि टिंब टाकलं की ती पायरी होते, दुसरी एक खूण टाकली की मथळा होतो. याला मार्कडाउन म्हणतात. आणि यात रिकामी जागा हीसुद्धा खूण असते, अम्मा. ओळीआधी चार किंवा त्याहून जास्त जागा सोडल्या की यंत्र समजतं, हे माणसाने वाचायचं नाही, ही यंत्राला द्यायची आज्ञा आहे. मग ते त्या ओळी एका करड्या चौकटीत टाकतं आणि अक्षरं बदलतं. आतली सगळी अक्षरं एका रुंदीची होतात, अगदी तुझ्या मशीनवरच्यासारखी. पायरीच्या खाली आज्ञा द्यायची असेल तर ती पायरीतल्या पहिल्या अक्षराच्या बरोबर खाली सुरू व्हावी लागते. एखादी जागा कमी पडली तर आज्ञा पायरीतून बाहेर पडते आणि पुढचे आकडे पुन्हा एकपासून मोजायला लागतात. नवीन आलेल्या मुलामुलींना मी हेच शिकवते. जागांवरून ओरडणारी बाई म्हणून मला ऑफिसात ओळखतात. परिच्छेदाआधी जागा सोडू नका, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते. तुझ्या शिकवणुकीच्या अगदी उलट.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला हुबळीच्या एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची तक्रार आली. पुस्तिकेतली आज्ञा दिली तर यंत्र ती ओळखत नाही, असं त्याचं म्हणणं. माझ्या हाताखाली पुण्याची एक मुलगी आहे, तिशीची, चटपटीत. इथे आल्यापासून मला अक्का म्हणते. तीच लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“अक्का, हे जरा बघा ना. पेज तुमचं आहे. हा पॅराग्राफ कोड ब्लॉकमध्ये गेलाय, आणि त्या बिचाऱ्याने आख्खा पॅराग्राफ कमांड समजून मशीनमध्ये टाइप केला.”

मी बघितलं. दोन परिच्छेदांच्या मध्ये एक करडी चौकट होती आणि तिच्यात यंत्राच्या अक्षरांत दोन वाक्यं होती. दिवा स्थिर होईपर्यंत कृपया थांबावे, घाई करू नये, अशा अर्थाची. इंग्रजीत. सुरुवात ‘काइंडली’ने.

“जागा पडल्या असतील चुकून,” मी म्हटलं.

“पाच पडल्यात. पण ते जाऊ दे. हे ‘काइंडली’ तुम्ही लिहिलंत? आम्ही लिहिलं की तुम्हीच तर काढायला लावता.”

ती हसली, मीही हसले. ‘काइंडली’ मी लिहीत नाही. तो शब्द तुझ्या पिढीच्या पत्रांमधला, तुझ्या क्लासच्या सरावाच्या पानांवरचा. पण पानाचा इतिहास उघडला तर तिथे माझंच नाव होतं. कोणी काय आणि कधी लिहिलं याची नोंद आमच्याकडे आपोआप राहते. मी जागा काढल्या, शब्द बदलला, हुबळीच्या माणसाला उत्तर गेलं. विषय संपला असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात अशी आणखी एक चौकट निघाली, मग आणखी एक. प्रत्येक वेळी ओळीआधी पाच जागा आणि पहिला शब्द तोच. मजकुरात तसं वावगं काही नव्हतं. थांबा, बघा, हात कोरडे असू द्या. एखादी वडीलधारी बाई शेजारी उभी राहून सांगेल तसं. इतकंच की त्यातलं एकही वाक्य लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. शेवटी मीच त्या मुलीला म्हटलं, स्वल्प वेळ माझ्याजवळ बस आणि मी लिहिताना बघत राहा.

दुपारची वेळ होती, जेवून सगळे नुकतेच परतलेले. मी एक नेहमीचं पान लिहायला घेतलं. एक परिच्छेद झाला, दुसरा सुरू केला.

“आत्ता दाबलंत,” ती म्हणाली.

“काय?”

“स्पेस. पाच वेळा. मग एंटर केलंत आणि पुढच्या ओळीवर लिहायला लागलात.”

“नाही ग.”

तिने वाद घातला नाही. फोनवर चित्रण केलं होतं ते माझ्यासमोर धरलं. पडद्यावर माझे हात होते, माझ्या बांगड्या, माझं घड्याळ. उजवा अंगठा नेहमीसारखा काम करत होता. परिच्छेद संपल्यावर तो वर उचलला गेला आणि तसाच ताठ राहिला; डावा अंगठा खाली आला आणि त्याने सावकाश, एकसारख्या अंतराने पाच ठोके दिले. मी जन्मात कधी डाव्या अंगठ्याने जागा सोडलेली नाही, अम्मा. मी ते चित्रण पुन्हा बघायला मागितलं नाही. मुलीने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, “अक्का, तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.”

तुझंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. क्लास बंद होऊन काही वर्षं झाली होती. मला पहिला लॅपटॉप मिळाला तेव्हा तू जुन्या मशीनची रेक्झिनची खोळ उसवून त्याला बेतून शिवून दिलीस. मी ती ऑफिसात न्यायला लाजायचे. ती शिवताना तुझे हात चांगले होते. त्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा तू स्वयंपाकघरात कणीक मळत होतीस. तुझा उजवा हात परातीत होता आणि डावा परातीच्या काठावर, आणि डाव्याचा अंगठा काठावर आपटत होता. “काय करतेस?” मी विचारलं. “काय करते?” तू मलाच विचारलंस. मग वर्षभरात नावं गेली, रस्ते गेले, शेजारच्या अक्का कोण ते गेलं, आणि शेवटी मी गेले. मला तू ‘मिस, बसा’ म्हणायला लागलीस. बोलणं थांबलं तरी हात थांबले नाहीत. चादरीवर तुझी बोटं चालायची आणि मी पलंगाशी बसून ती वाचायचा प्रयत्न करायचे, कारण कळफलक मला न बघता येतो, तूच शिकवलेला. काहीतरी सांगत असशील असं वाटायचं. पण बोटं शब्दावर कधी पोचलीच नाहीत. दर वेळी डाव्या अंगठ्याने पाच जागा, मग थांबणं. पुन्हा पाच जागा. परिच्छेद सुरू व्हायचा आणि त्यात काही नसायचं. मी कान तुझ्या तोंडाशी नेऊन विचारायचे, पुढे काय, अम्मा? तू छताकडे बघत राहायचीस.

म्हणून त्या मुलीने डॉक्टरांचं नाव काढल्यावर मी लगेच गेले. नवऱ्याला सांगितलं आणि तो रजा काढून बरोबर आला. मेंदूच्या सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी मला शब्द लक्षात ठेवायला लावले, घड्याळ काढायला लावलं, तुझ्याबद्दल पुष्कळ विचारलं.

“तुमच्या आईंना होतं त्यातलं मला तुमच्यात काहीच दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “हे किती दिवसांपासून होतंय?”

“या उन्हाळ्यापासून.”

“नक्की? की लक्षात आलं उन्हाळ्यात?”

घरी परत येताना सर्जापूर रोडवर गाड्या तुंबल्या होत्या, आणि नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, “चला, सुटलो.” तो कोल्हापूरकडचा, देवभोळा, वाटेत गणपतीला नारळ ठेवून आला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. आजार असता तर त्याला नाव असतं.

डॉक्टरांचा प्रश्न मी त्या मुलीला सांगितला. ती म्हणाली, बघू या की. लिहायच्या पडद्यावर एक सोय असते, ती चालू केली की रिकाम्या जागा फिकट ठिपके होऊन दिसतात. तिने माझं एक जुनं पान उघडलं आणि ठिपके चालू केले. वाचणाऱ्याला ते पान स्वच्छ दिसतं, कारण ओळीवर नुसत्या जागा असल्या आणि मजकूर नसला तर यंत्र काही दाखवत नाही, चौकटसुद्धा उमटत नाही. पण आता परिच्छेदांच्या मधल्या ज्या ओळी मी आजवर रिकाम्या समजत होते त्या रिकाम्या नव्हत्या. काही ओळींवर पाच पाच ठिपके होते. तिने दुसरं पान उघडलं, मग तिसरं. मागच्या वर्षीचं, त्याच्या मागच्या वर्षीचं. ती उघडत गेली आणि मी तिच्या खांद्यामागे उभी राहून बघत गेले. सगळ्या पुस्तिकांमध्ये ते होते, कित्येक वर्षांचे, कोणाच्या नजरेला न पडलेले. दुसऱ्या कोणाच्याही पानांत नव्हते. तिने मागे मागे जात सगळ्यात पहिलं पान शोधून काढलं आणि तारीख वाचली. त्याच्या आधीची माझी पानं अगदी स्वच्छ होती.

“या तारखेला काही झालं होतं का, अक्का?”

तुझे दिवस करून मी कामावर परत आले होते, तो आठवडा होता. तिला मी म्हटलं, आठवत नाही.

मग मला उलगडलं की इतकी वर्षं तू, किंवा माझा हात, जे काही असेल ते, चादरीवर करायचं तेवढंच करत होतं. जागा सोडून थांबत होतं. या उन्हाळ्यात पुढचा मजकूर यायला लागला होता.

मी काय केलं ते सांगते. आमच्याकडे सगळ्या पानांवरच्या फाजील जागा एकदम काढून टाकायची सोय आहे आणि पुढे कोणी सोडल्या तर त्या साठवताना आपोआप जातील अशीही. मुलगी म्हणाली, करू या का? मी म्हटलं, सरी, ठीक आहे, मीच करते. कळ दाबली. काही क्षणांत ती सगळी पानं स्वच्छ झाली. ठिपके चालू ठेवून मी एकेक तपासलं, कुठेही काही नव्हतं. मला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली.

त्या रविवारी सकाळी मी ओट्याशी उभी राहून उपमा ढवळत होते. नवरा बाहेर पेपर वाचत बसला होता. तो उठल्याचा आवाज आला, मग दाराची कडी काढल्याचा.

“कोण आहे?” मी आतून विचारलं.

“कोणी नाही,” तो म्हणाला. “वाजवलं मात्र कोणीतरी.”

दार लावून तो परत बसला. थोड्या वेळाने पुन्हा उठला, पुन्हा दार उघडलं, जिन्यापर्यंत जाऊन आला. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या नजरेच्या रोखाने बघितलं. माझा डावा हात ओट्याच्या ग्रॅनाइटवर होता आणि अंगठा ठोके देत होता. पाच झाले की थांबत होता. दाराबाहेर उभं राहून कोणी ठोठावावं आणि आतून उत्तराची वाट बघावी, तसा.

“तूच वाजवतेस होय,” नवरा म्हणाला, आणि गॅस बंद करून त्याने माझा हात आपल्या हातात घेतला. त्याच्या मुठीतसुद्धा ते चालू होतं. त्याला ते जाणवलं हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण त्याने हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. तो कामावर गेल्यावर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि एक कोरी फाइल उघडली, ऑफिसची नाही, माझी, जिच्यात काही आपोआप पुसलं जाणार नाही अशी. हात कळफलकावर ठेवले आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले. समोर नवी इमारत उठते आहे. क्रेन सळ्यांची मोळी वर नेत होती. मी मनात म्हटलं, बोल काय बोलायचंय ते. क्रेन वळली, मोळी खाली आली, माणसांनी ती सोडवून घेतली. मी हातांकडे लक्ष दिलं नाही. ते थांबलेत असं वाटल्यावर पडद्याकडे बघितलं.

एक करडी चौकट होती. आत, यंत्राच्या अक्षरांत, इंग्रजी लिपीत दोनच शब्द होते. पुट्टी, काइंडली.

त्या नावाने मला तुझ्याशिवाय कोणी हाक मारलेली नाही. नवऱ्याला ते माहीतसुद्धा नाही. मला कळतं, अम्मा, की मलाच ते माहीत आहे, हात माझे आहेत आणि मन माझं आहे. डॉक्टरांना विचारलं तर त्या हेच सांगतील आणि त्यांचं बरोबरही असेल. पण त्या वेळी कर्सर ‘काइंडली’च्या पुढे लुकलुकत होता आणि माझा डावा अंगठा कळीच्या वर तयार होता. इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली ते आता येणार होतं. पलंगाशी बसून मी तुला विचारलं होतं ना, पुढे काय? मी झाकण मिटून टाकलं. इतक्या जोरात की हाताला लागलं.

त्यानंतर मी ती फाइल उघडलेली नाही. पुसलेलीही नाही. ऑफिसात लिहिताना डाव्या अंगठ्याला पट्टी बांधते, कोणी विचारलं तर लचकला म्हणते. पुण्याच्या मुलीला खरं काय ते माहीत आहे. ती माझी पानं गुपचूप आधी बघून घेते आणि वर पाठवते. आजवर पुन्हा काही निघालेलं नाही असं ती सांगते, आणि मी तिला खोदून विचारत नाही. घरी ओट्यावर आवाज येतो कधी कधी. नवरा आता दार उघडायला जात नाही.

हे मी पेनाने, कागदावर लिहिते आहे. नवऱ्याच्या संगतीने मराठी पुस्तकं वाचायला शिकले तेव्हा तू मला हसायचीस. घरात सगळा जन्म मराठी बोललीस, पण वाचलंस आणि लिहिलंस ते कन्नड आणि इंग्रजी. ही अक्षरं तुला कधी आली नाहीत. नवऱ्याला वाटतं, मी मराठीत लिहिते कारण ती आपली घरची भाषा. तुला खरं सांगते. आधी कन्नडात लिहायला बसले होते. एक ओळ झाली आणि माझ्या लक्षात आलं की ही तुला वाचता येईल. तो कागद मी फाडला. मला तुझ्याशी बोलायचं होतं, अम्मा. तू उत्तर द्यावंस असं मला नको होतं.